बासष्टनंतर चौसष्ट

माझ्या नवऱ्याला अजूनही वाटतं की मी संगणकाच्या काळ्या खिडकीत काहीतरी चोरटं काम करते. पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं आणि हाताची घडी घालून बसायचं, याला कुणी काम म्हणतं का, असा त्याचा सवाल. हिंगोलीत ज्या छपाईच्या दुकानात मी बरीच वर्षं टायपिंग करते, तिथंही सगळे मला या खिडकीवरून चिडवतात. चिडवोत बापडे. त्यांची एकेक फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जातो, तेवढ्यात माझं अख्खं पुस्तक तयार असतं.

करायचं फार काही नसतं. मजकूर साधा लिहायचा, सजवायच्या भानगडीत पडायचं नाही. मथळा हवा असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह द्यायचं आणि एक जागा मोकळी सोडायची. शब्द ठळक हवा असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना चांदण्या. यादी हवी असेल तर आकडा, टिंब आणि पुढं मजकूर. मग काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम द्यायचा, की या फाइलचं पुस्तक कर. गणिताचे एक प्राध्यापक स्वतःचं पुस्तक छापायला आले होते, त्यांनी दोन दुपारी बसून हे मला शिकवलं. पहिल्यांदा सगळी पानं कोरी निघाली, कारण मी मराठी फॉन्टचं नावच हुकमात दिलं नव्हतं. प्राध्यापक हसले, मी चिडले आणि दुसऱ्या दिवशी बिनचूक करून दाखवलं.

माझा स्वभाव मुळात तिरसट. माणसांशी माझं लवकर जुळत नाही, या काळ्या खिडकीशी मात्र जुळलं. सांगितलं तेवढंच करते, मधे आपली अक्कल पाजळत नाही, असं मी तिच्याबद्दल चारचौघांत सांगत फिरायचे. तिथंच माझं चुकलं.

आमचं माहेर सेनगाव तालुक्यातलं, साखऱ्याच्या शिवारातली वस्ती. थोडी कोरडवाहू जमीन, शेळ्या आणि मेंढरं. आई सुईण होती. बाबा मेंढरांमागं आणि आई बाळंतिणींमागं, असं आम्हा बहीणभावाचं लहानपण गेलं. पुढं रस्ता झाला, फोन केला की गाडी यायला लागली, बाया बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या आणि आईचं काम आपोआप थांबलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. "बरं झालं, बाया जगून राहिल्या," एवढंच ती म्हणायची.

मग ती विसरायला लागली. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं. मग बाबा जाऊन चार वर्षं झालेली असताना संध्याकाळी त्यांच्यासाठी भाकरी राखून ठेवायला लागली. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वाढत जाणार. भाऊ तिच्यापासून लपवत राहिला, पण तिलाच ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं. दिवाळीला गेले तेव्हा तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"डोक्यातलं गळून राहिलं पोरी," ती म्हणाली. "समदं गळायच्या आधी माही लेकरं लिवून घे. तू पुस्तकं करतीस न? मंग माह्या लेकरायचं पुस्तक कर."

तिची लेकरं म्हणजे तिच्या हातांवर जन्मलेली. एकशे अठरा. कोणतं लेकरू कितवं, कोणत्या वस्तीवर, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, आईला किती तकलीफ झाली, सगळं तिच्या डोक्यात ओळीनं होतं. तिला अक्षर यायचं नाही, आकडे यायचे. मराठी आकडे ती कॅलेंडरवरून शिकली आणि इंग्रजी फोनवरून. एवढी हुशार बाई शाळेत गेली असती तर, असं आम्ही नेहमी म्हणायचो.

मी शनिवारी जायचे. हिंगोलीहून गोरेगाव आणि तिथून जीप. दुपारी ओसरीवर आई तुरीच्या शेंगा सोलत सांगायची आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहायचे. वहिनी चहा आणून द्यायची आणि थोडा वेळ तीही ऐकत बसायची. पहिल्याच दिवशी आम्ही पंधरापर्यंत आलो.

"सोळा," आई म्हणाली आणि थांबली. शेंग तशीच हातात राहिली. मग म्हणाली, "झालं. सतरा."

"अगं, सोळाचं काय?"

"सोळा रडलं न्हाई."

"मंग तसं लिवू का?"

"लिवायचं न्हाई. ज्येचं नाव न्हाई ठिवलं त्येचं काय लिवतीस? पन त्येची जागा दुसऱ्याला द्यायची न्हाई. नऊ महिने वाट चालून आलं व्हतं न ते. सतरावं ते सतरावंच."

मी पंधरा लिहिलं, टिंब दिलं, मजकूर लिहिला आणि त्याच्या खाली सतरा लिहिलं. इंग्रजी आकड्यांत लिहिलं, कारण मराठी आकडे लिहिले तर फाइलचं पुस्तक करणाऱ्या त्या साधनाला ती यादी आहे हे कळतच नाही. एवढं मला ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचा अभिमानही होता. सोळानंतर एकोणतीस, चव्वेचाळीस, पन्नास. प्रत्येक वेळी आई आकडा म्हणायची, थांबायची आणि पुढं जायची.

मग आम्ही साठच्या आसपास आलो. ज्या बायांची नावं येत होती त्या माझ्या बरोबरीच्या, माझ्याच वर्षी लग्न झालेल्या. एकसष्ट झालं. बासष्ट झालं. ती वेशीजवळच्या घरातली, तिचं माझं एकाच महिन्यात होतं.

"त्रेसष्ट," आई म्हणाली.

थांबली. सोळाला जेवढी थांबली होती तेवढीच, एक श्वास जास्त नाही.

"चौसष्ट," ती म्हणाली.

त्रेसष्ट माझी मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. सकाळपासून पोटात दुखत होतं. आई म्हणाली, येळ हाय अजून. दुपारी कळा वाढल्या तेव्हा तिनं बाबांना गोरेगावला जीप आणायला पाठवलं. जीप येण्याआधी मुलगी आली. आईनं तिला चोळलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, किती तरी वेळ. मग तिचे हात थांबले. स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून तिनं तिला गुंडाळलं आणि बाबा तिला घेऊन बांधाकडं गेले. मला तिचे ओले काळे केस तेवढे दिसले. कान झाकले जातील एवढे होते.

त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. सव्वा महिन्यानं मी सासरी गेले. पुढं मुलगा झाला, तो दवाखान्यात, आणि त्या वेळी मी माहेरी यायलाच नकार दिला. कारण मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आईनं उशीर केला. स्वतःच्या हातांचा तिला गर्व होता, म्हणून तिनं सकाळीच जीप बोलावली नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. बावीस वर्षं नुसतं मनात धरून ठेवलं.

त्या दुपारी मला राग आला, की माझ्या मुलीला आणि दुसऱ्यांच्या लेकरांना एकच माप कसं. आणि त्याच वेळी मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या मुलीला आकडा होता. तिला मोजलं गेलं होतं. मला वाटायचं तिची आठवण जगात माझी एकटीचीच आहे, आणि इकडं ही बाई तिची जागा राखून बसली होती. मी चौसष्ट लिहिलं आणि तोंड धुवायला मोरीत गेले.

संक्रांतीच्या आधी यादी पूर्ण झाली. एकशे अठरा, त्यातल्या नऊ जागा मोकळ्या. मी दुकानात बसून फाइल नीट केली. मथळे पाहिले, पानांचे आकडे पाहिले, कुठं वेलांटी सुटली का, जोडाक्षर फुटलं का, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मग हुकूम दिला आणि पुस्तक झालं. यादीतले आकडे मी तपासले नाहीत. मीच लिहिलेले आकडे मी काय म्हणून तपासू? चांगल्या कागदावर छापून, वर जाड पुठ्ठा लावून मी ते वस्तीवर घेऊन गेले.

आईनं पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. कपाळाला लावलं. मग तिनं सरळ शेवटचं पान उघडलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"एकशे नऊ?" ती म्हणाली. "एकशे अठरा हायेत."

मला काही कळेना. ती एकेक पान मागं उलटत गेली. बोट आकड्यांवरून वर वर सरकत होतं. एका ठिकाणी ते थांबलं.

"त्रेसष्टला हे कोन हाय?"

मी वाचून दाखवलं. मळ्यातल्या थोरल्या सुनेचा मुलगा, झडीचा पाऊस, ओढा भरलेला.

"हे तं अडुसष्टावं पोरगं हाय. याला काहून बसवलं हितं?" आईचा आवाज चढला. "ही माह्या नातीची जागा हाय."

नात. बावीस वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दुसरी एखादी मुलगी असती तर आईच्या गळ्यात पडून रडली असती. मी भडकले. इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"नात व्हती का ती? मंग तवा काहून न्हाई म्हनलीस? सकाळपासून सांगून राहिले व्हते मी. तुला तुह्या हाताचा भरवसा. सकाळीच गाडी आनली असती तर आज ती बी नावासकट असती या पुस्तकात. तूच घालवलीस तिला."

वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. आईनं पुस्तक मिटलं आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसली. मी पिशवी उचलली तेव्हा एवढंच म्हणाली, "नंबर तेवढे बराबर करून दे पोरी."

पुस्तक तिथंच ठेवून मी जीपला लागले. तेवढं पुस्तक सोबत आणलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

चूक कुठं झाली ते दुसऱ्या दिवशी दुकानात मला दहा मिनिटांत सापडलं. ते साधन यादीतला फक्त पहिला आकडा वाचतं. पुढं तुम्ही काहीही लिहा, सतरा लिहा, चौसष्ट लिहा, ते आपलं आपण ओळीनं मोजत जातं. मधे जागा सोडली असेल तर माणसाच्या हातून आकडा चुकला असं धरून ते भरून टाकतं. माझी मुलगी, सोळावं, एकोणतिसावं, सगळ्यांच्या जागी मागची लेकरं पुढं सरकली होती. सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. उपायही लिहिलेला आहे: आकडा आणि टिंब यांच्यामध्ये एक तिरकी रेघ द्यायची, म्हणजे तो आकडा आपण लिहिला तसाच राहतो. एकशे नऊ ठिकाणी एकेक रेघ, तीही एका झटक्यात देता येते.

ती मी दिली नाही.

दहा मिनिटांचं काम मी पाच महिने केलं नाही. वेळ नव्हता असं मी घरी सांगायचे, दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी आहे म्हणून सांगायचे. खरं कारण एवढंच, की मला तिला तिष्ठत ठेवायचं होतं. मी बावीस वर्षं गप्प बसले, आता तू बस थोडी, असं मनात होतं. इतक्या हलक्या मनाची मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. आईचा फोन यायचा, "नंबर केले का गं?" मी म्हणायचे, करून राहिले. मग तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, विसरली.

इकडं वहिनी तिला रोज ते पुस्तक वाचून दाखवत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जुन्या गोष्टी बोलत राहा. वहिनीचा काही दोष नाही, माझ्यापेक्षा तिनंच आईचं जास्त केलं. वहिनीनं मला नंतर सांगितलं, की सुरुवातीला आई रोज भांडायची. हे चुकीचं हाय, माही पोरगी नवं घेऊन येऊन राहिली, म्हणायची. मग भांडण कमी झालं. मग एके दिवशी म्हणाली, "माहीच गिनती चुकली असंन. छापलेलं कसं चुकंन?" आणि त्या दिवसापासून तिनं पुस्तकातली यादी नव्यानं पाठ करायला घेतली.

मला हे काही ठाऊक नव्हतं. जूनमध्ये वहिनीचा फोन आला. "ताई, आईला आता मान्सं वळखू येईनात. परवा मला म्हनल्या, तुमी कोन गावच्या? येऊन जावा."

त्या सकाळी मी दुकानात गेले आणि पहिलं ते काम केलं. तिरक्या रेघा दिल्या, हुकूम दिला आणि बोट ठेवून ठेवून एकूण एक आकडा तपासला. पंधरानंतर सतरा. बासष्टनंतर चौसष्ट. शेवटी एकशे अठरा. सगळं बिनचूक होतं. जीपमध्ये मी ते पुस्तक पिशवीत न ठेवता छातीशी धरून बसले होते.

आई अंगणात बाजेवर बसली होती. वाळली होती. मी समोर बसले तेव्हा ती हसली, पण ते हसणं पाहुण्याला बघून हसावं तसं होतं. वहिनी म्हणाली, "आई, लेकरं म्हनून दाखवा की ताईला." आई लगेच सावरून बसली आणि सुरू झाली. मधे कुठंही न थांबता, एका सुरात. सोळाला थांबली नाही. एकोणतीसला थांबली नाही.

"त्रेसष्ट?" मी विचारलं.

"मळ्यातल्या थोरलीचं पोरगं. वढा भरला व्हता."

मी नवं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ते पान उघडलं. आकडे अजून तिला येत होते. बोट बासष्टवर गेलं, चौसष्टवर गेलं आणि परत वर आलं.

"हितं एक सुटलं," ती म्हणाली.

"सुटलं न्हाई माय. तूच सोडाया सांगितलं व्हतं."

"मी काहून सोडंन? छापनाऱ्यानं चूक केली. जुनं बराबर हाय माहं." तिनं पुस्तक माझ्याकडं सरकवलं. मी ते घेतलं नाही. ते आमच्या दोघींच्या मध्ये बाजेवर उघडंच राहिलं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला काहीतरी कळलं असावं. नाव विसरली, गाव विसरली, पण तसं तोंड तिनं आयुष्यभर पाहिलं होतं.

"कोनाचं व्हतं ते, बाई?" तिनं विचारलं.

"माहं," मी म्हणाले.

ती पुढं सरकली. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. घरोघरच्या बाळंतिणींचा ती घ्यायची तसा.

"रडलं न्हाई?"

"न्हाई."

"पोरगी का पोरगं?"

"पोरगी. केस लई व्हते."

"माय वं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्यासाठी, एका अनोळखी बाईसाठी. "बाळंतपन कोनी केलं तुहं?"

"माह्या मायनं."

आई बराच वेळ माझा हात कुरवाळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "लेकीचं लेकरू हातात गेलं म्हंजे ती बाई जिती मेली असंन. तू तिला काई बोलली न्हाईस न?"

"न्हाई," मी म्हणाले.